वाचक विचारतात: मेजर फुजिवारा पुढे कुठे गेला?

प्रश्न: आझाद हिंद सेनेबद्दल वाचताना फुजिवारा नावाच्या जपानी मेजरचं नाव सारखं येतं आणि मग एकदम गायबच होतं. त्याचं पुढे काय झालं? आणि तो खरंच आपला मित्र होता की नुसता हेर? (एक वाचक, सांगली)

उत्तर: इवाइची फुजिवारा हा इंटेलिजन्सचा स्टाफ ऑफिसर, म्हणजे हेरगिरी हे त्याचं कामच होतं. १९४१ मध्ये वय ३३ आणि हाताखाली मोजकीच माणसं, त्यांच्या गटाचं नाव 'एफ किकान' (किकान म्हणजे कार्यालय). बँकॉकमध्ये त्याने तिथले हिंदी स्वातंत्र्यवादी ग्यानी प्रीतम सिंग यांच्याशी संधान बांधलं, मग डिसेंबरमध्ये मलायात अलोर सेतारजवळ ब्रिटिश हिंदी सैन्यातले कॅप्टन मोहन सिंग भेटले आणि त्यांच्याशी तो दिवसचे दिवस बोलत बसला. १७ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूरच्या फेरर पार्कवर सुमारे ४५ हजार हिंदी युद्धकैदी त्याच्या ताब्यात दिले गेले, आणि त्याने भाषणात सांगितलं की आम्ही तुम्हाला कैदी नाही, मित्र मानतो. मैदानावर टोप्या उडाल्या म्हणतात.

पण हा शब्द एका मेजरचा होता, टोकियोने तो कधी आपला मानलाच नाही. काही महिन्यांतच एफ किकान जाऊन कर्नल इवाकुरोचं ऑफिस आलं आणि डिसेंबर संपायच्या आत मोहन सिंगांना जपान्यांनीच अटक केली. मला या सगळ्या कहाणीत सगळ्यात जास्त लागतं ते हेच, कारण मोहन सिंगांनी याच माणसावर भरवसा ठेवून पहिली आझाद हिंद सेना उभी केली होती. फुजिवारा स्वतः नंतर जपानी जनरल मुतागुचीच्या १५ व्या आर्मीत गेला आणि १९४४ ची इंफाळमधली जपान्यांची धूळधाण त्याने डोळ्यांनी पाहिली.

युद्ध संपल्यावर आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरच्या लाल किल्ल्यातल्या खटल्यात साक्षीदार म्हणून त्याला दिल्लीला आणलं, तेव्हा बचावाची बाजू भुलाभाई देसाई लढवत होते. तिथून ब्रिटिशांनी त्याला सिंगापूर-मलायात नेऊन कोठडीत ठेवलं, चौकशा केल्या, शेवटी १९४७ मध्ये सोडलं. पुढे तो जपानच्या नव्या सेल्फ डिफेन्स फोर्समध्ये भरती झाला, लेफ्टनंट जनरल झाला, पहिल्या डिव्हिजनची कमान सांभाळली, १९६६ ला निवृत्त झाला आणि आठवणी लिहिल्या. १९८६ ला वारला.

आता मित्र की हेर? मला वाटतं तो मोहन सिंगांशी मनापासून बोलला, त्यात खोट नव्हती. पण फेरर पार्कच्या दुसऱ्याच दिवसापासून त्याच शहरात त्याच जपानी सैन्याने चिनी पुरुषांना रांगेत उभं करून वेगळं काढायला आणि हजारोंनी मारायला सुरुवात केली. त्या कत्तलीशी नाव जोडलं जातं ते मासानोबु त्सुजीचं, तोही स्टाफ ऑफिसरच, आणि १९५२ मध्ये तो चक्क जपानच्या संसदेत निवडून गेला. फुजिवाराबद्दल आपल्याकडे प्रेमाने लिहितात ते ठीकच आहे, फक्त तेव्हा सिंगापूरच्या किनाऱ्यावर मेलेल्या त्या माणसांचाही उल्लेख त्याच पानावर यायला हवा असं मला वाटतं.