सिकॅटर (छाटणीची कात्री) सगळ्यात शेवटी द्या

ताई, लोकमान्य नगरातल्या तुमच्या मंडळात झाडं सांभाळायला बरीच नावं आली आहेत, त्यांना छाटणी शिकवायला एक दिवसाचं शिबिर घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. शिबिर जरूर घ्या, पण पाण्याचं आणि मातीचं. छाटणीवाचून रोप मरत नाही. ते एप्रिल-मेच्या कोरडीत जातं, नाहीतर श्रावणात बुंध्याभोवतीच्या आळ्यात पाणी तुंबून. लावणारे हात इंदूरला भरपूर आहेत. १४ जुलै २०२४ला इथल्या रेवती रेंजच्या टेकडीवर एका दिवसात ११ लाखांहून जास्त रोपं लागली. कमी पडतात ती पुढचे दोन-तीन उन्हाळे त्यांच्याकडे बघणारी माणसं.

आपली माळव्याची काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि त्या भेगांत बारीक तंतुमुळं तुटतात. वरून ती फसवते. वर चिखल दिसतो आणि वीतभर खाली ठणठणीत कोरडं असतं. म्हणून प्रत्येकाला खुरपीने वीतभर खणायला लावा आणि खालची माती मुठीत दाबून बघू द्या. गोळा झाला तर आज पाणी नको, ढेकळं फुटून भुगा झाला तर हवंय. हे भाषणात कळत नाही, हात मळवावेच लागतात. पाणी बादलीने भसकन ओतलं तर भेगांतून निसटून जातं, त्यामुळे थोडं ओतून, मुरू देऊन, पुन्हा ओतायचं. आळं दरवर्षी बाहेर सरकवा, कारण पाणी ओढणारी मुळं खोडापाशी बसून राहत नाहीत. पावसाळ्यात त्याच आळ्याला एका बाजूने वाट फोडून द्या.

आळ्यात चार बोटं जाड पालापाचोळा पसरा, खोडाला मात्र टेकू देऊ नका. काडीकचरा, शेण आणि माती रचून खत करायची ‘इंदूर पद्धत’ ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१च्या काळात इथेच बसवली, आजचं कृषी महाविद्यालय आहे त्या जागेवर. स्वयंसेवकांना तिथे एकदा घेऊन जा. ज्या गावाचं नाव खताच्या पद्धतीला मिळालं, तिथे कॉलनीच्या कोपऱ्यावर पानं जाळलेली मला खरंच बघवत नाहीत.

ट्री गार्डची तार किंवा काठीची सुतळी खोडात रुततेय का, हे प्रत्येक फेरीत बघायचं. खिळे, बॅनर दिसले की काढायचे.

सिकॅटर एक पावसाळा काढलेल्यांनाच द्या, आणि तेही जमिनीवर उभं राहून हात पोचेल तेवढ्या, अंगठ्याएवढ्या फांद्यांपुरतं. फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर कड असते. काप तिच्या लगेच बाहेर घ्यायचा. कड कापली तर जखम भरत नाही, खुंट ठेवला तर तो कुजतो. वर रंग, डांबर काही लावू नका. शिडी, विजेच्या तारा, मोठ्या फांद्या हे नगर निगमचं, म्हणजे महापालिकेचं काम. झाड तोडायला तर २००१च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने परवानगीच लागते.

आणि झाडं वाटताना माणसाच्या रोजच्या वाटेवरची द्या, दुधाला किंवा देवळात जाताना लागतील अशी. मेमध्ये निम्मे लोक गावाला जातात, म्हणून प्रत्येकाला शेजारचा जोडीदार आताच ठरवून द्या. पहिला वर्ग फेब्रुवारीत, गेल्या जुलैत लावलेल्या रोपांपाशी घ्या. भेगा तेव्हाच पडायला लागतात.