ऑपरेशनआधीचा रिपोर्ट 'रिअ‍ॅक्टिव्ह' आला, पुढे काय?

ताई, तुमच्या लिहिण्यावरून मला समजलं ते असं: दादाच्या हर्नियाच्या ऑपरेशनआधी खासगी लॅबमध्ये रक्त तपासलं, एचआयव्हीच्या रकान्यात 'रिअ‍ॅक्टिव्ह' (म्हणजे टेस्टमध्ये लागणीची खूण दिसली) असं आलं, हॉस्पिटलने ऑपरेशन थांबवलं आणि डॉक्टर तुम्हाला 'एड्स आहे' असं म्हणाले. दादा मात्र ठणठणीत आहे, ना ताप, ना वजन कमी. तुम्ही विचारलंय, किती दिवस हातात आहेत. मी बरीच वर्षं आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी तपासणी आणि समुपदेशन केंद्रात, समुपदेशक होतो. 'किती दिवस' हाच प्रश्न आमच्याकडे बहुतेक जण पहिला विचारायचे.

आधी त्या कागदाबद्दल. एका किटवर रिअ‍ॅक्टिव्ह येणं म्हणजे निदान नव्हे. आपल्याकडे प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोघे. समजा एखादं किट हजारात पाच जणांना चुकून रिअ‍ॅक्टिव्ह दाखवतं, तर सरसकट सगळ्यांची तपासणी केल्यावर खऱ्यांपेक्षा खोटेच जास्त निघतील. म्हणून सरकारी पद्धतीत लक्षणं नसलेल्या माणसाला तीन वेगवेगळ्या किटवर रिअ‍ॅक्टिव्ह आल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. दादाला सिव्हिलच्या किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या आयसीटीसीमध्ये न्या. तपासणी फुकट आहे, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो, रिपोर्ट फक्त त्याच्या हातात देतात. खासगी लॅबमध्येच पुन्हा पैसे घालून तीच टेस्ट करण्यात अर्थ नाही.

आता लक्षणं. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, मानेत गाठी असं होतं आणि आपोआप जातं. व्हायरल ताप समजून लोक विसरून जातात. काहींना तेवढंही होत नाही. त्यानंतर कित्येक वर्षं काहीच जाणवत नाही, आत मात्र सीडी४ पेशी, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी, कमी होत असतात. त्या ५०० च्या वर असल्या तर ठीक, २०० च्या खाली गेल्या किंवा क्षयरोगासारखे संधिसाधू (प्रतिकारशक्ती घटल्याची संधी साधणारे) आजार जडले, की त्या टप्प्याला एड्स म्हणतात. तेव्हा डॉक्टरांनी वापरलेला शब्द दादाला आज तरी लागू होत नाही. महिनाभर न हटणारा ताप किंवा जुलाब, तोंडात पांढरा थर, तरुण वयात उठलेली नागीण, रात्री घाम आणि खोकला, यांपैकी काही दिसलं तर थांबू नका. पण दिसत नाही म्हणून 'लॅबचीच चूक असेल' असं म्हणून घरीही बसू नका. नेटवर लक्षणं जुळवत बसण्याने आजवर कुणाचंच निदान झालेलं नाही.

तिन्ही टेस्ट पॉझिटिव्ह आल्या, तर एआरटी सेंटर. एआरटी म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं. भारतात सरकारी एआरटी २००४ पासून मोफत आहे. पूर्वी सीडी४ ठराविक आकड्याखाली येईपर्यंत गोळ्या चालू करत नसत. २०१७ पासून निदान झालं की सीडी४ कितीही असो, औषध सुरू. बहुतेकांना टीएलडी देतात: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर अशी तीन औषधं एकाच गोळीत, दिवसातून एकदा. सुरू करण्याआधी टीबीसाठी बारकाईने विचारतात, तिथे खोकला लपवू नका. टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे डोल्युटेग्राव्हिरचा जोर कमी होतो, म्हणून त्याचा जादा डोस लागतो. शिवाय लपलेला टीबी एआरटीनंतर उसळून येऊ शकतो. पित्तासाठी अँटासिड घेत असेल तर तेही सांगा, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवावं लागतं.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासतात. विषाणू रक्तात सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. गोळी बंद केली की तो परत वाढतो, म्हणून ती जन्मभर घ्यायची. 'मुळापासून बरा करतो' म्हणून एआरटी बंद करायला लावणाऱ्या वैद्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. असे पेशंट सेंटरवर परत यायचे तेव्हा हाडांचा सापळा झालेला असायचा.

वहिनींना कधी सांगायचं, असंही विचारलंय. आधी आयसीटीसीचा रिपोर्ट येऊ द्या, तोवर दादाने कंडोम वापरावा. पक्कं झालं तर सांगायला हवं, आणि ते दादाने सांगावं. समुपदेशकासमोर दोघांना बसवलं की पुष्कळदा सोपं जातं. त्यांची तपासणी लगेच करून घ्या. निगेटिव्ह आली तरी सांगतील त्या तारखेला पुन्हा करा, कारण नवी लागण पहिले काही आठवडे टेस्टमध्ये दिसत नाही. त्या गरोदर असतील तर हे सगळं याच आठवड्यात. वेळेवर औषध घेणाऱ्या आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण फार कमी आहे.

राहिलं ऑपरेशन. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही, रिपोर्ट परस्पर नातेवाइकांना सांगता येत नाही आणि या कारणाने उपचार नाकारता येत नाहीत. दादाची सही घेतली होती का, हे त्याला विचारा. हॉस्पिटलने नकार दिला असेल तर तो लेखी मागा. माझ्या अनुभवात 'लेखी द्या' म्हटलं की बऱ्याच ठिकाणी तारीख मिळते. नाहीच मिळाली तर सिव्हिलमध्ये करून घ्या, आणि तक्रारीचा मार्ग १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा, तिथे मराठीत बोलता येतं.