बेडरूमचा टीव्ही लावला की हॉलमधले चॅनेल जातात? आधी स्प्लिटर शोधा

ऐरोलीहून तुम्ही लिहिलंय की बेडरूमचा टीव्ही लावला की हॉलमधले निम्मे चॅनेल ‘सिग्नल नाही’ दाखवतात, बेडरूमचा बंद केला की परत येतात, आणि कंपनीचा माणूस नवा बॉक्स घ्या म्हणतोय. हेच, अगदी हेच आम्ही कोपरखैरण्याला भोगलंय. कृपा करून बॉक्सवर पैसे घालू नका.

डिशच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा जो छोटा डबा, म्हणजे एलएनबी असतो, त्याला उभ्या लहरी घ्यायच्या की आडव्या हे तुमचा बॉक्सच वायरीतून व्होल्टेज पाठवून सांगतो. १३ व्होल्ट म्हणजे उभ्या, १८ म्हणजे आडव्या. स्प्लिटर लावून, म्हणजे एकाच वायरीला दोन फाटे फोडून, दोन बॉक्स जोडले आणि दोघांनी वेगवेगळं मागितलं, की १८ वाल्याचं चालतं आणि १३ वाल्याचे चॅनेल जातात. सगळ्याच कंपन्यांचे चॅनेल असे दोन्हीकडे विभागलेले नसतात, त्यामुळे शेजाऱ्यांकडे एका वायरीवर दोन टीव्ही चालतात म्हणून आपल्याकडेही चालतील असं धरू नका.

आमच्याकडे हे कुणी सांगितलंच नाही. सेवा केंद्रातून माणूस यायचा, डिश थोडी हलवायचा, व्हिजिटचे पैसे घ्यायचा आणि खाली उतरेपर्यंत ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा मेसेज यायचा. पुन्हा फोन केला की नवा नंबर, नवा माणूस, पहिल्यापासून तीच कहाणी. एकानेही भिंतीवरची प्लेट उघडली नाही. शेवटी आमच्या जुन्या केबलवाल्या काकांनी पॅसेजमधलं फॉल्स सीलिंगचं झाकण काढून हात घातला. आत अंगठ्याएवढा पत्र्याचा स्प्लिटर, एक वायर आत आणि दोन बाहेर. त्यावर बारीक अक्षरात ‘५ ते १००० मेगाहर्ट्झ’. तो केबल टीव्हीचा. डिशकडून वायरीत येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो, म्हणजे तो स्प्लिटर या कामाचाच नव्हता. इंटिरियरवाल्याच्या वायरमनने बसवून वर पीओपी मारलेला. इतके पैसे मोजून आलेल्या माणसांना दोन स्क्रू काढून बघावंसं वाटू नये, याचा मला आजही संताप येतो.

उपाय सरळ आहे. दोन आउटपुटचा, म्हणजे ट्विन एलएनबी बसवा आणि प्रत्येक बॉक्सला गच्चीपासून स्वतंत्र आरजी ६ वायर (डिशची जाड गोल वायर) आणा, मधे जोड नको. तीन-चार टीव्ही असतील तर चार आउटपुटचा घ्या. डक्टमधून दुसरी वायर येतच नसेल किंवा सोसायटी गच्चीची किल्ली देत नसेल, तर हॉलच्या बॉक्समधून एचडीएमआय स्प्लिटर लावून कॅट ६ वरून (इंटरनेटची नेटवर्क वायर) दुसऱ्या खोलीत चित्र नेता येतं. मात्र दोन्हीकडे एकच चॅनेल दिसणार. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर हे करू नका, रिमोटवरून रोज वाद होतात.

केबल टीव्हीचं गणित वेगळं. तिथे व्होल्टेजची भानगड नसल्याने साधा स्प्लिटर चालतो. फक्त दोन फाट्यांत साधारण साडेतीन डेसिबल आणि चार फाट्यांत सातेक डेसिबल सिग्नल जातो, म्हणून गरजेपेक्षा जास्त फाट्यांचा घेऊ नका.

अजून फर्निचरचं काम चालू असेल तर टीव्हीच्या प्रत्येक जागेपर्यंत लाइटच्या वायरिंगपासून वेगळा पाइप टाकून घ्या आणि त्यात आरजी ६ बरोबर एक कॅट ६ ओढून ठेवा. नंतर भिंत फोडण्यापेक्षा हे फार स्वस्त पडतं. आणि आपण खाडीकाठचे लोक. गच्चीवरचे कनेक्टर खाऱ्या हवेने गंजतात, पावसाळ्याआधी बघून टेप बदलायला लावा. धो-धो पावसात काही मिनिटं चित्र जाणं मात्र सगळ्यांचंच होतं, त्यासाठी कुणाला बोलावू नका.

मी या धंद्यातला नाही, फक्त पोळलेला ग्राहक आहे. तुमच्या घरात आणखी काही निघू शकतं. पण तंत्रज्ञ आला की आधी प्लेट आणि सीलिंग उघडायला लावा, आणि दोन्ही टीव्ही एकाच वेळी वेगवेगळ्या चॅनेलवर चालवून दाखवल्याशिवाय तक्रार बंद करायचा ओटीपी देऊ नका. तरीही दाद लागली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे न सुटलेल्या तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याकडे, लेखी तक्रार करा. ट्रायच्या नियमांप्रमाणे तो नेमावाच लागतो, आणि आधीचे सगळे तक्रार क्रमांक त्यात लिहा.