यूएमएल आकृत्या शिकण्यात आज अर्थ उरला आहे का?

यूएमएल, म्हणजे सॉफ्टवेअरची रचना आणि वर्तन आकृत्यांनी मांडण्याची प्रमाणित पद्धत, आज शिकावी का आणि आकृत्यांसाठी कोणते साधन घ्यावे, असे आपण विचारले आहे. शिकावी, परंतु त्यातील आकृत्यांचे १४ च्या १४ प्रकार नव्हेत. संपूर्ण प्रणालीची क्लास आकृती, म्हणजे कोडमधील घटक व त्यांचे संबंध दाखवणारी आकृती, काढून भिंतीवर लावणे मी वेळेचा अपव्यय मानतो. एखादी गोष्ट कोणकोणत्या अवस्थांतून जाते हे दाखवणाऱ्या स्टेट आकृतीबाबत मात्र मी तडजोड करणार नाही, आणि त्यामागे एक जुना सल आहे.

एका पतसंस्थेसाठी आम्ही सोनेतारण कर्जाची प्रणाली करीत होतो. कर्जाच्या अवस्था मी कागदावर मांडल्या: अर्ज, मंजूर, वितरित, थकीत, बंद. 'बंद'च्या जागी अंतिम अवस्थेचे चिन्ह, म्हणजे वर्तुळातला काळा ठिपका काढला, आणि तेथेच हात थांबला, कारण अंतिम अवस्थेतून बाण बाहेर काढता येत नाही. मग शेवटचा हप्ता चेकने भरला आणि तो चेक वटलाच नाही, तर कर्जाने जायचे कुठे? 'बंद'च्या अलीकडे 'चेक वटण्याच्या प्रतीक्षेत' अशी एक अवस्था हवी, हे मी आमच्या टीम लीडना दाखवले. "आपण एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसलेलो नाही, कोड हेच डॉक्युमेंटेशन," असे म्हणून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. प्रणाली सुरू झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात एका कर्जदाराचा चेक जमा होताच कर्ज बंद झाले, दागिने परत दिले गेले आणि दोन दिवसांनी चेक परत आला. बंद कर्ज पुन्हा उघडण्याची सोयच नसल्याने उरलेल्या रकमेचे नवे कर्ज नोंदवावे लागले, तेही तारणाविना.

ज्याला आमचे टीम लीड चित्रकला म्हणत होते, ती स्टेट आकृतीची पद्धत संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल यांनी विमानातील यंत्रणांचे वर्तन नेमके मांडता यावे म्हणून विकसित केली, १९८७ साली प्रसिद्ध केली आणि पुढे यूएमएलने ती आपलीशी केली.

साधनाविषयी थोडक्यात सांगायचे तर लिहिलेल्या मजकुरावरून आकृती काढून देणारे प्लांटयूएमएल घ्यावे. आकृती मजकुराच्या रूपात कोडशेजारीच राहते. अर्थात कोड बदलल्यावर आकृती न बदलल्यास ती दिशाभूल करते, हे मान्य केले पाहिजे, आणि तिघा-चौघांच्या टीमला फळा व खडूही पुरतो. परंतु 'कोड हेच डॉक्युमेंटेशन' म्हणणाऱ्यांच्या त्या कोडमध्ये कर्जाची अवस्था ११ ठिकाणी नुसत्या ४ या आकड्याने लिहिलेली होती, आणि ४ म्हणजे काय, हे नव्याने आलेल्या मुलांना माझ्याच कागदावरून समजावून द्यावे लागत होते.