कथक, भरतनाट्यम की बॉलीवूड : आठ वर्षांच्या पोरीला नागपुरात कुठे घालावं?

मनीषनगरच्या ताईंनी विचारलंय की मुलगी आठ वर्षांची आहे, गाणं लागलं की नाचते. घराजवळच्या स्टुडिओच्या बोर्डावर कथक, भरतनाट्यम, बॉलीवूड, हिप-हॉप, कंटेम्पररी, झुंबा सगळंच लिहिलंय, तर घालावं कशात? यजमानांचं म्हणणं, परीक्षा असतील असंच घ्या, दहावीला मार्क मिळतात. आणि शेवटच्या ओळीत हळूच, "मलाही शिकायचंय, वय छत्तीस."

मी आठ वर्षं कथक शिकले. विशारदची पहिली परीक्षा झाली, मग लग्न, बदल्या, आणि सुटलं ते सुटलंच. पुढे लेकीसाठी नागपुरातले पाच क्लास पालथे घातले. तेव्हा माझं पारडं कथककडे झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

तो बोर्ड आधी बाजूला ठेवा. तुम्ही क्लास कोणत्या महिन्यात बघायला जाता, ते जास्त महत्त्वाचं. डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगचं वारं असतं. तेव्हा कुठल्याही स्टुडिओत जा, पोरी रांगेत, सगळ्यांचे हात एकदम वर, आपण खूश. जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या मंगळवारी जा. बाहेर पाऊस, अर्ध्या पोरी आलेल्या नाहीत, कार्यक्रम काही जवळ नाही. तेव्हा मॅडम काय करून राहिल्या ते बघा. तेच तेच पाऊल शंभरदा घोटून घेत असतील, एकेकीजवळ जाऊन टाच धरून सरळ करत असतील, तर पैसे भरून मोकळ्या व्हा. मोबाईलवर गाणं लावून "चला, मागच्याची प्रॅक्टिस" चाललं असेल, तर चहा पिऊन घरी या.

हे मी अनुभवाने सांगतेय. माझ्या लेकीला आम्ही एका स्टुडिओत 'कॉम्बो बॅच'ला घातलं होतं, सोमवार-बुधवार कथक आणि शुक्रवारी बॉलीवूड. दीड वर्ष झालं. एकदा मी सहज म्हटलं, जरा तीनतालाचा तत्कार दाखव, म्हणजे सोळा मात्रांच्या तालावरचं कथकचं मूळ पायकाम. पोट्टी मलाच विचारते, "आई, तो कोणत्या गाण्यातला?" बाप्पा! दीड वर्षात तीन गाणी बसली होती आणि तीन ड्रेसचं भाडं गेलं होतं. सोळा मात्रा मात्र कोणी मोजायलाच लावल्या नव्हत्या.

आता कथक की भरतनाट्यम. दोन्हींत गाणं, अभिनय, कथा सगळं येतं, पण पहिल्या दोन वर्षांत पोरीला जाणवतो तो शरीराचा फरक. कथकमध्ये उभं राहायचं ते सरळ. सुरुवातीचे महिने 'ता थेई थेई तत, आ थेई थेई तत' एवढंच, आधी ठाय म्हणजे संथ लयीत, मग दुगुन म्हणजे दुप्पट, मग चौगुन म्हणजे चौपट. जोडीला पढंत असते, म्हणजे हातावर ताल धरून बोल तोंडाने म्हणायचे. ज्या क्लासात पढंत नाही तिथलं कथक अर्धं समजा. भरतनाट्यमचा पाया अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर काढून अर्धं बसणं, आणि त्या बैठकीतून अडवू, म्हणजे हात-पायांच्या मूळ हालचाली. ताल द्यायला तट्टुकळी, म्हणजे आपटायची लाकडी काठी असते, तिचा ठक-ठक आवाज काही पोरींना फार आवडतो. इथे एक गोष्ट नीट बघा : अरमंडीत गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच गेला पाहिजे. पाऊल बाहेर आणि गुडघा आत असं दिसूनही मॅडम काही बोलत नसतील, तर पुढे गुडघे बोलतात. आठव्या वर्षी दोन्हींपैकी काहीही सुरू करता येतं. चुळबुळी, सतत गिरक्या घेणारी पोरगी कथकमध्ये लवकर रमते असं मला वाटतं, पण हे नुसतं माझं वाटणं.

फरशीबद्दल कोणी विचारतच नाही. आपल्याकडचे बहुतेक स्टुडिओ फ्लॅटच्या हॉलमध्ये नाहीतर तळघरात, खाली सिमेंट आणि वर गुळगुळीत टाइल्स. अनवाणी टाच आपटायची ती थेट दगडावर. नडगी दुखते ती इथेच. खाली पोकळी ठेवून लाकडी फळ्या घातलेला मजला मिळाला तर दोन किलोमीटर लांब पडलं तरी चालेल. आणि क्लास वरच्या मजल्यावर पत्र्याखाली असेल तर मे महिन्यात पारा ४५ वर गेल्यावर बॅच किती वाजता असते ते आत्ताच विचारा. सकाळी साडेसहाची असेल तरच त्यात अर्थ आहे.

यजमानांचा मुद्दा चुकीचा नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा कथकलाही आहेत, भरतनाट्यमलाही. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण आणि मग विशारदचे दोन टप्पे. वरच्या परीक्षांना लेखी पेपरही असतो. दहावीचे वाढीव गुण किती परीक्षा झाल्या यावर ठरतात आणि प्रस्ताव शाळेमार्फत जातो, म्हणून त्या वेळचा नियम शाळेतच विचारायचा. आठव्या वर्षी सुरू केलं तर हातात भरपूर वेळ आहे. वर्षात दोन-दोन परीक्षा देऊन टाकू म्हणणाऱ्या क्लासपासून मात्र लांब राहा. अशा पोरींना तुकडे, म्हणजे बांधलेल्या छोट्या रचना, पाठ असतात, पण ठेका बदलला की पाय थांबतात.

बॉलीवूडला मी कमी लेखत नाही. स्टेजची भीती जाते, पोरं मोकळी होतात. फक्त गाणं संपलं की शिकणंही संपतं, हे माहीत असू द्या. हिप-हॉपचं वेगळं आहे. त्यातलं ब्रेकिंग न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधून १९७० च्या दशकात आलं आणि २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्येही दिसलं. पॉपिंग-लॉकिंग कॅलिफोर्नियाकडचं. सरांना विचारा, तुमचं मुख्य काय? जाणकार माणूस अर्धा तास बोलत सुटेल. "आम्ही सगळंच शिकवतो" असं उत्तर आलं तर समजून घ्या. कंटेम्पररी दोन-चार वर्षांनी बघू. नवरात्राआधीचे गरब्याचे वर्ग मजेचे असतात, त्यासाठी एवढा विचार नको.

फी भरण्याआधी पोरीला एक खरा कार्यक्रम दाखवा. सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृहात, रेशीमबागेत सुरेश भट सभागृहात शास्त्रीय नृत्याचे कार्यक्रम होतात. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या कार्यक्रमांवरही लक्ष ठेवा, त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तुम्हाला तर उज्ज्वलनगरहून मेट्रोने सीताबर्डी गाठता येते. पहिल्या पाऊण तासात ती कंटाळते, की मांडीवर बोटं आपटायला लागते, तेवढं बघा.

आता तुमचं. झुंबा हा व्यायाम आहे, कोलंबियाच्या बेतो पेरेझचा. घाम काढायला उत्तम, पण तिथे तुमचं पाऊल सुधारायला कोणी थांबत नाही. छत्तिसाव्या वर्षी कथक सुरू करायला काही हरकत नाही, मोठ्यांची सकाळची बॅच शोधा. पहिले तीन महिने घुंगरू घेऊ नका. घ्याल तेव्हा दोरीत ओवलेले घ्या, एका पायाला पन्नास पुरे, आणि मॅडमना विचारूनच. पोरीच्या बॅचमध्ये मात्र स्वतः उभ्या राहू नका. ती मग मॅडमच्या पायांकडे नाही, तुमच्या तोंडाकडे बघत नाचेल.