बंगळूर की कोइम्बतूर?

प्रश्न : आम्ही पलूस तालुक्यातले. मुलगी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन ऑफर आहेत. बंगळूरची कंपनी परदेशी ग्राहकांना संगणकावर डिझाइनचं काम करून देते, पगार वर्षाला ४ लाख ८० हजार. दुसरी कोइम्बतूरची पंप बनवणारी कंपनी, पगार ३ लाख ६० हजार. मुलीला कोइम्बतूर हवंय. मला वाटतं, शहर मोठं तर संधी मोठी. नातेवाईक तर विचारतात, हे कोइम्बतूर आलं कुठं? तिला समजवाल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

समजवायला मला तुम्हालाच बसवावं लागणार, असं दिसतंय.

‘शहर मोठं तर संधी मोठी’ हे तुमचं म्हणणं कर्नाटकापुरतं बरंचसं खरं आहे. २०११ च्या जनगणनेत बंगळूर ८५ लाखांचं होतं, आणि त्याच्या खालोखालचं मैसूर उपनगरं धरूनही दहा लाखांच्या आत. १९०९ साली टाटांची विज्ञान संस्था तिथं आली, १९४० मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट, १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स. जिथं माणसं तयार होती तिथंच पुढचे उद्योग गेले. इन्फोसिस १९८१ मध्ये आपल्या पुण्यात सुरू झाली आणि १९८३ मध्ये तीही बंगळूरला गेली! अशा शहराचा फायदा म्हणजे खोली न बदलता नोकरी बदलता येते. पुढेमागे नवराही नोकरी करणारा असेल, तर दोघांचं एकाच गावात जमतं. (हा विचार तुमच्या मनात आहे, पत्रात लिहिला नाहीत एवढंच.) मुलीला सॉफ्टवेअर किंवा विमानउद्योगात जायचं असतं, तर मी डोळे झाकून बंगळूर म्हटलं असतं.

तमिळनाडूचं चित्र वेगळं आहे. चेन्नई मोठंच, पण तिच्यामागे कोइम्बतूर, तिरुपूर, मदुराई, सेलम, तिरुचिरापल्ली अशी रांग आहे आणि त्यातल्या बहुतेकांचा धंदा आपापला. तिरुपूर म्हणजे होजिअरी. कोइम्बतूर आधी सूतगिरण्यांचं. १९३० च्या दशकात निलगिरीतल्या पायकाराची वीज आली आणि गिरण्या वाढल्या. गिरण्यांना मोटारी लागल्या, शेतकऱ्याला पंप लागला, पंपाला ओतीव काम लागलं. आज देशातले जवळपास निम्मे मोटर-पंप आमच्याकडेच बनतात, असं तिथले कारखानदार अभिमानानं सांगतात. पंपाच्या माणसाला हे गाव म्हणजे माहेरच.

आणि पलूसच्या माणसाला पंप काय ते मी सांगायचं? किर्लोस्करांचा पंपाचा कारखाना असलेली किर्लोस्करवाडी १९१० पासून तुमच्या उशाशी आहे. पहिल्या नोकरीत हाताला जे वळण लागतं, त्यावर पुढं कुठल्या गावी परतता येईल हे ठरतं. बंगळूरला परदेशी ग्राहकासाठी पडद्यावर विश्लेषण करायला शिकलेली मुलगी महाराष्ट्रात परतली, तर बहुतेक पुण्यात. कास्टिंग कुठं फुटतं, टेस्टिंगला पंपाचा हेड (पाणी चढवायची उंची) का मिळत नाही, हे जिच्या हाताखालून गेलंय ती मुलगी किर्लोस्करवाडीला, कोल्हापूरच्या फौंड्र्यांत, बेळगावात आणि पुण्यातही चालते. दर महिन्याला दहा हजार जास्त देणाऱ्या ऑफरपेक्षा मला हे मोलाचं वाटतं. त्या दहातले बरेचसे तसेही बंगळूरचं भाडं आणि येण्याजाण्यात जातील.

आता कोइम्बतूरचे काटे. बऱ्याच कंपन्या घरच्या आहेत. पंधरा वर्षांनी वरच्या खुर्चीपाशी पोचलं की तिथं मालकाचा मुलगा बसलेला असू शकतो. मालक एकमेकांना ओळखतात, लग्नकार्यात भेटतात. भांडून राजीनामा दिला तर बातमी तिच्या आधी पुढच्या गेटवर पोचेल. शॉपफ्लोअरवर तमिळच लागतं. बंगळूरला हिंदी-इंग्रजीवर निभावलं असतं, इथं वर्षभरात तमिळ यायलाच हवं. तिनं आजपासूनच सुरुवात करावी.

मध्यम आकाराच्या शहरात मंदी आली तर काय, असं तुम्ही विचाराल. रास्त आहे. कर्नाटकातल्या हरिहरला मैसूर किर्लोस्करचा लेथचा कारखाना बंद पडला तेव्हा कामगारांना गावात दुसरं तसं दार नव्हतं. पण तिथं त्या कामाचा मोठा कारखाना तो एकच. कोइम्बतूरला पंपवाले कितीतरी आहेत, शिवाय सूतगिरणीची यंत्रं, गाड्यांचे सुटे भाग, ओला मसाला वाटायचे ग्राइंडर. गाव मोठं की लहान यापेक्षा, माझ्या कामाचे मालक या गावात किती, हे मोजायचं असतं. दोन-तीनच असते तर मीही तुमच्या बाजूनं उभा राहिलो असतो.

म्हणून मी तिच्या बाजूनं आहे, पण एका अटीवर. काम टेस्टिंग आणि डिझाइनचंच असावं. ऑफर लेटरवर ‘ग्रॅज्युएट ट्रेनी’ एवढंच लिहून पुढं विक्रीला किंवा डीलरकडे पाठवलं, तर वरचा सगळा हिशेब उलटतो आणि मग बंगळूरच बरं. कुठल्या विभागात घेणार, हे ईमेलवर लेखी मागवा. राहण्याची सोय तुम्ही दोघं एकदा जाऊन बघून या, मुलीच्या आईला तेवढं तरी हवंच असेल. दोन-तीन वर्षांचा बॉण्ड असेल तर सही करण्याआधी तो कागद मला पाठवा.