मेफ्लायची निम्फ पहिल्यांदाच बांधायची आहे, कोणत्या पॅटर्नपासून सुरुवात करू?

इंग्लंडला आल्यावर फ्लाय फिशिंग (पिसं-तारेच्या नकली कीटकाने, म्हणजे ‘फ्लाय’ने, मासे पकडणं) सुरू केलंय, व्हाइसही (हुक पकडून ठेवणारा शिकंजा) घेतलाय, पण व्हिडिओंमधली सामानाची यादी बघून गोंधळ उडालाय, असं तुम्ही लिहिलंय. मेफ्लाय हा नदीकाठचा नाजूक उडता कीटक आणि निम्फ म्हणजे त्याची पाण्यात राहणारी बाल्यावस्था. तिची नक्कल बांधायच्या ठरलेल्या नमुन्याला पॅटर्न म्हणतात. माझं उत्तर एकच आहे: फ्रँक सॉयर यांची फेझंट टेल निम्फ. हुक, तांब्याची बारीक तार आणि नर फेझंट पक्ष्याच्या शेपटीचं मधलं पीस एवढंच लागतं. दोरासुद्धा नको.

सॉयर विल्टशरमध्ये नेदरेव्हनला एव्हन नदीचे राखणदार होते. बेटिस वंशाच्या मेफ्लायच्या निम्फ पोहताना पाय अंगालगत घेऊन सुळकन पुढे जातात, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांनी आपल्या निम्फला पाय लावलेच नाहीत. मला हा पॅटर्न मनापासून आवडतो तो यासाठीच. कीटकाचं सगळं चित्र काढायचं नाही. माशाच्या नजरेला पडणारी आकृती हवी: निमुळतं अंग, फुगीर छाती, शेपटीचे तीन-चार केस. आणि ती पाण्यात पडताच बुडायला हवी. बाकीचं सोडून दिलं तरी चालतं.

१४ नंबरचा हुक घ्या. १६ चा, म्हणजे त्याहून लहान, नंतर, हात बसल्यावर. व्हाइसमध्ये लावायच्या आधीच पक्कडीने त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून टाका, म्हणजे मासा सोडताना त्याला इजा कमी होते. तार हुकच्या डोळ्यामागून (डोळा म्हणजे दोरी ओवायचं भोक) बाकापर्यंत, म्हणजे हुक वळतो तिथपर्यंत, गुंडाळत न्या, परत पुढे आणा आणि छातीच्या जागी चार-पाच जास्तीचे वेढे देऊन उंचवटा करा. वजन इथेच येतं. मग तार पुन्हा बाकापाशी न्या. पिसाचे चार तंतू एकत्र धरा, टोकं सारखी करा आणि साधारण ३ मिलिमीटर मागे राहतील असे तारेने बांधा. या झाल्या शेपट्या.

आता खरी खुबी. तंतू आणि तार एकमेकांत पिळून घ्या आणि हा पीळ डोळ्यापर्यंत गुंडाळत न्या. ट्राउट माशाचे दात बारीक पण धारदार असतात, नुसते तंतू दोन माशांतच तुटतात. तारेसोबत पिळलेले टिकतात, शिवाय मधून तांबूस झाक दिसते. डोळ्यापाशी तंतू तारेपासून वेगळे करा. एकटी तार छातीमागे नेऊन तिथे एक वेढा द्या. तंतू छातीवरून मागे आणून तारेने बांधा, तार पुढे आणा, तंतू पुन्हा पुढे आणून बांधा. पाठीवरचा हा गडद पट्टा म्हणजे पंखांचं आवरण. खरी निम्फ पाण्याबाहेर पडायच्या बेतात असते तेव्हा ते असंच काळपट होतं. उरलेले तंतू कापा, तारेला दोन-तीन गाठी मारा, झालं.

नवीन माणसाच्या निम्फ बहुतेक वेळा जाड होतात आणि डोळ्यापाशी दाटी होऊन दोरी ओवायला जागा उरत नाही. डोळ्यामागे पहिल्यापासून थोडी जागा मोकळी सोडा. निम्फ बांधून झाली की ओली करून ग्लासभर पाण्यात टाका. तरंगत राहिली तर पुढच्या वेळी छातीला वेढे वाढवा. टंगस्टनचे मणी, चमकी, रंगीत फर आत्ता घेऊ नका. हा एकच पॅटर्न एकाच मापात बांधत राहा, तारेचा ताण बोटांना कळू लागेपर्यंत.

तार दुकानातलीच हवी असं नाही. छोट्या ट्रान्सफॉर्मरमधली ०.१ ते ०.२ मिलिमीटरची तार उत्तम चालते.

पाण्यात निम्फ माशाच्या वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूला, टाका, बुडू द्या आणि ती त्याच्याजवळ आली की रॉडचं टोक सावकाश उचला. निम्फ वर उठते, आणि पळणारं भक्ष्य बघून मासा झडप घालतो. सॉयर यांची ही युक्ती आजही तितकीच चालते. मात्र आधी तुमच्या फिशिंग क्लबचे नियम वाचा. चॉक स्ट्रीमवर (खडूच्या खडकातून झिरपणाऱ्या नितळ पाण्याच्या नदीवर) निम्फ वापरावी की नाही यावरून १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात रीतसर वादसभा झाली होती, आणि आजही काही ठिकाणी निम्फवर बंधनं आहेत.

पुढे तुम्हाला याच निम्फचा अल ट्रॉथ यांनी केलेला अमेरिकन अवतार दिसेल. त्यात छाती मोरपिसाच्या तंतूंची असते आणि पायही असतात. तो जरूर बांधा, पण त्यासाठी गावाकडून बॅगेत मोरपीस आणू नका. भारतातून मोरपिसं बाहेर नेण्यावर बंदी आहे. आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याची मानेवरची पिसं सॅमनच्या फ्लायसाठी फार नावाजलेली आहेत, पण तो पक्षीही कायद्याने संरक्षित आहे. मोरपिसाचे तंतू इंग्लंडमधल्या फ्लायच्या दुकानात सुटे मिळतात, तेच घ्या.